डाव्या हाताचा ओटा

व्हॅन विकायची ठरली त्या दिवशी मिस्त्रींनी दाढी केली नाही, आणि मावशींनीही त्यांना हटकलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतंच, की कोणती गोष्ट बोलायची आणि कोणती चहाच्या घोटाबरोबर खाली उतरवायची.

व्हॅन मुळातली लाँड्रीची. त्या लाँड्रीत मावशींनी एकोणतीस वर्षं इस्त्री केली. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलातले टेबलक्लॉथ, वेटरांचे पांढरे डगले. सगळे गठ्ठे याच व्हॅनमधून यायचे आणि याच व्हॅनमधून जायचे. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्याने मावशींना निरोपाची भेट म्हणून जवळजवळ फुकटातच देऊन टाकली. "हिनेही तुमच्याइतकीच हमाली केलीय, मावशी. दोघी एकदमच सुटा," तो म्हणाला होता. अजूनही दार सरकवलं की आतून खळीचा आणि गरम कापडाचा वास यायचा.

मिस्त्रींचा उभा जन्म दुसऱ्यांची स्वयंपाकघरं सजवण्यात गेला. लोकांचे ओटे, लोकांची कपाटं, लोकांच्या मांडण्या. काम थांबल्यावर त्यांना घरी बसवेना. मग त्यांनी व्हॅन टायरवाल्याच्या मागच्या गॅरेजात उभी केली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. दोन वर्षं सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी भुशाने पांढरे होऊन परतायचे. लाकूड विकत आणलं नाही. ज्या ज्या घरी काम केलं तिथला एखादा उरलेला तुकडा त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला होता. ही फळी डॉक्टरीणबाईंच्या कपाटातली, ही त्या सात भावंडांच्या जेवणाच्या टेबलातली, ही एका म्हातारीच्या पुस्तकांच्या मांडणीतली. रंग निराळा, रेषा निराळी, पण सांधा असा की नख शिरायचं नाही. पलंग झाला, पलंगाखालचे कप्पे झाले, ओटा झाला, भांड्यांचं कपाट झालं. पाण्याची टाकी, दिव्यांच्या तारा आणि अर्धं छत राहिलं.

तेवढ्यात डोळे गेले. अगदी पुरते नाही गेले. मधोमध धुकं उतरलं, कडा तेवढ्या राहिल्या. माणूस समोर आला की चेहऱ्याच्या जागी ढग, आणि ढगाला दोन कान. "तुझे कान सुरेख आहेत, हे मला आत्ता कळतंय," असं ते मावशींना म्हणाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी एकही विनोद केला नाही. गाडी चालवायचा परवाना गेला. हत्यारांची पेटी घरच्या पलंगाखाली गेली. मावशींनी जन्मात सायकलही चालवली नव्हती. अर्धं घर चार चाकांवर उभं होतं, आणि त्याला न्यायला कोणी नव्हतं.

त्यात गॅरेजवाल्याने निरोप दिला, की जागा विकली. महिनाअखेर रिकामी करून द्यायची आहे. तो बिचारा चांगला माणूस. दोन वर्षांचं भाडं त्याने कधी मागितलं नव्हतं, मिस्त्रींनी त्याच्या ऑफिसाला एक दार करून दिलं त्यातच तो खूश होता. पण जागाच त्याची राहिली नव्हती, तर तो तरी काय करणार.

भाचीने फोनवर जाहिरात टाकली. मजकूर मावशींनी सांगितला. 'अर्धं झालेलं फिरतं घर विकणे आहे. काम हाताचं, लाकूड खरं. सगळं हाताशी. उरलेलं तुम्ही करा.'

"सगळं हाताशी म्हणजे काय गं?" भाचीने विचारलं.

"म्हणजे बसल्या जागेवरून सगळ्याला हात पोचतो. तू टाक."

मावशींना विकण्याचं एवढं दुःख नव्हतं. वस्तू आहे, जाणारच. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. ज्याला नुसती गाडी हवी असेल तो आतलं लाकूड उखडून टाकेल. आणि मिस्त्रींच्या हातचं हे शेवटचं काम होतं. ते उखडलं गेल्याचं त्यांना कुणी ना कुणी सांगणारच, आणि मग हा माणूस जो खुर्चीत बसलाय तो खुर्चीतच राहील, हे मावशींना दिसत होतं.

मिस्त्री गॅरेजात यायला तयार नव्हते. "मी येऊन काय करू? लोकांचे कान बघू?" असं म्हणाले. म्हणून व्हॅन दाखवायचं काम मावशींवर आलं. त्यांनी ते हौसेने केलं. काचा पुसल्या, ओट्यावर धुतलेलं फडकं अंथरलं, आणि येणाऱ्याला चहा म्हणून एक शेगडी मांडून ठेवली.

पहिले आले ते निवृत्त पोस्टमास्तर. भले गृहस्थ, पण हाताने अगदी धांदरट. कपाट उघडायला गेले ते बिजागरीच्याच बाजूला ओढत बसले. घडीचं टेबल खाली पाडायला गेले तर खिटी सापडेना. चमचा पाहिजे म्हणून कप्पा ओढला, त्यात निघाले पुसायचे कपडे. "अवघड आहे हो तुमचं," असं म्हणत चहा पिऊन निघून गेले. मग दोन मित्र आले. त्यांतल्या एकाचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटलं, कारण दार त्याला वाटलं त्याच्या दुसऱ्याच अंगाला उघडलं. जाताना तो कपाळ चोळत म्हणाला, "काका काम छान करतात, मावशी. पण हे असं का केलंय?"

मावशींना कळेना, असं म्हणजे कसं. त्यांना तर त्या व्हॅनमध्ये कधी काही शोधावं लागलं नव्हतं. हात पुढे केला की वस्तू हातात. साऱ्या जगात इतकं सुटसुटीत त्यांना कुठेच वाटत नसे. त्यांना वाटायचं, जुन्या लाँड्रीचा वास आहे ना, म्हणून असेल.

तिसरा आला बेकरीवाला. त्याने आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. टायरला लाथ मारली, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "घेतली. रविवारी येतो. आतलं सामान काढून ठेवा."

"सामान कुठलं? ते घरच आहे आतलं."

"मावशी, मला पावाचे ट्रे न्यायचेत. ट्रे काही पलंगावर झोपत नाहीत." माणूस हसतमुख होता, वाईट नव्हता. "तुम्हाला जड होत असेल तर मी काढतो. फळ्या माझ्या भट्टीला होतील. त्याचे वेगळे देतो."

मावशी "कळवते" म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच दुरून आल्यासारखा वाटला. त्या दिवशी गुरुवार होता.

दुपारी शेवटचं गिऱ्हाईक आलं. एक शाळेतली मास्तरीण आणि तिचा ताडमाड नवरा. नवरा दारातूनच वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला. मास्तरीणबाईंनी मात्र कुठे घाई केली नाही. फळ्यांवरून हात फिरवला, सांधे पाहिले, पलंगावर बसल्या. "ही फळी कशी हो अशी काळसर?" असं त्यांनी विचारलं, आणि मावशींनी डॉक्टरीणबाईंच्या कपाटाची गोष्ट सांगितली. मग सात भावंडांची. मग म्हातारीची. नवरा वाकल्या वाकल्या ऐकत होता. "म्हणजे आपण सगळ्या गावाच्या घरांतून झोपणार," तो म्हणाला.

पण मास्तरीणबाईसुद्धा कपाटाशी अडखळल्याच. खिटी चाचपडली. शेगडीजवळ उभं राहून चिरायची फळी शोधली, ती त्यांना सापडली नाही. मावशींनी चट्दिशी पुढे होऊन ओट्याखाली दुमडलेली ती वर उचलून दाखवली. मास्तरीणबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"हो. का?"

"आणि ज्यांनी केलं ते?"

"ते सरळ हाताचे."

"बघ हं," मास्तरीण नवऱ्याला म्हणाली, "मी वर्गात डावखुरं मूल दारातून ओळखते. वही तिरकी, कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत. ही गाडी डावखुरी आहे. दारं उजवीकडे वळतात, मूठ डावीकडे. चमचे डाव्या कप्प्यात, फळी शेगडीच्या डावीकडे, खिटी डाव्या हाताला, दिव्याची जागासुद्धा डाव्या उशाशी. मावशी, हे सगळं तुमच्यासाठी केलंय."

मावशी कपाटाशी गेल्या. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. दार त्यांच्या डाव्या हाताला पाळीव मांजरासारखं येत होतं.

लहानपणी आत्याने त्यांचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून ठेवला होता, उजव्याला वळण लागावं म्हणून. लाँड्रीत इस्त्रीची वायर कायम त्यांच्या अंगावरून जायची. तिथल्या बायकांनी त्यांच्यावर गाणंच रचलं होतं, इस्त्रीच्या ठेक्यावर म्हणायचं:

*डाव्या हाताची बाई हिची इस्त्री उलटी जाई*
*पण घडी मोडत नाही, बघा कुणी.*

बासष्ट वर्षं त्या उजव्या जगात अशा सवयीने वावरल्या, की ते उजवं आहे हेही विसरून गेल्या होत्या.

"आम्हाला आवडलीय," मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. "उरलेलं आम्ही करू, शिकत शिकत. पण आम्ही दोघंही उजव्या हाताचे. गाडी डोंगराच्या वळणावर उभी असताना मला झाकणं शोधत बसायचं नाही. काकांना हे फिरवून देता येईल का? मग आम्ही शनिवारी घेऊन जातो."

घरी आल्यावर मावशींनी चप्पल काढली आणि तशाच मिस्त्रींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. ढगात त्यांचे कान तेवढे दिसत असतील.

"अहो, व्हॅन डावी का केलीत?"

मिस्त्रींनी खुर्चीचे दांडे चाचपले. मग म्हणाले, "कळलं होय तुला. दोन वर्षं लागली."

"मला नाही कळलं. एका मास्तरणीला कळलं."

"हुशार दिसतेय."

"विषय बदलू नका."

"अगं, त्यात सांगायचं काय," मिस्त्री खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. "काम सुटलं आणि मी घरी बसलो. जन्मात पहिल्यांदा तुला भर दिवसा स्वयंपाक करताना बघितलं. एरवी मी लोकांच्या स्वयंपाकघरात. तू त्या कपाटाशी जातेस, एक पाऊल मागे येतेस, अंग वळवतेस, मग डावा हात घालतेस. झाकणाला तसंच. नळाला तसंच. पाणी उकळेपर्यंत चार वेळा. मी म्हटलं, गावातल्या बायकांची उंची मोजून ओटे केले मी, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं मूल कडेवर असतं, सगळं विचारून केलं. आणि माझ्याच घरात एक बाई एकेचाळीस वर्षं फुगडी घालतेय."

"मला काही त्रास नव्हता."

"तुला त्रास होता हे तुलाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर." ते थांबले. "इथे करावं तर घरमालक खिळा ठोकू देत नाही. भाड्याच्या भिंती. आपल्या मालकीची भिंत काय ती त्या गाडीची. म्हटलं, पहिल्या सफरीला तू स्वयंपाक करशील तेव्हा तुझं तुला समजेल. मी नुसता बघत बसेन. ते काही झालं नाही."

मावशींना बोलायचं होतं. पण त्या घरात आभार हा शब्द बसच्या कंडक्टरसाठी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी होता, एकमेकांसाठी तो कधी वापरलाच नव्हता. तो आता कसा काढायचा, कुठल्या कप्प्यातून? त्या आत गेल्या, नळ सोडून उभ्या राहिल्या, आणि तोंड धुऊन बाहेर आल्या. मग त्यांनी बेकरीवाल्याचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं, मास्तरणीची अट सांगितली.

"फिरवून देऊ," मिस्त्री म्हणाले.

"कोण फिरवणार?"

"मी."

"दिसतं का तुम्हाला?"

"बिजागरी बघायची नसते. चाचपायची असते."

"नको. माझ्यासाठी केलेलं मी मोडू देणार नाही."

"मग ते भट्टीत जाईल. तुझ्यासाठी केलेलं, पाव शेकायला." ते उठले, चाचपडत पलंगापर्यंत गेले आणि गुडघ्यावर बसून हत्यारांची पेटी बाहेर ओढली. "मोडायचं नाहीये, बाईसाहेब. वळवायचंय. चला, कंदील धरायला कुणीतरी लागेल."

"कंदील कशाला? तुम्हाला दिसत नाही."

"तुला दिसायला."

शुक्रवार सकाळपासून शनिवार दुपारपर्यंत ती दोघं त्या व्हॅनमध्ये होती. गॅरेजवाल्याने आपणहून विजेची तार ओढून दिली आणि दोनदा चहा पाठवला. मिस्त्री अंगठ्याने स्क्रूचं डोकं शोधायचे, मग पेचकस त्यावर असा बसायचा जसा काही तो तिथेच जन्मला. जुनी भोकं लाकडाच्या बारीक खुंट्यांनी बुजवली, वर सरस लावला. खुंट्या मावशींनी कापल्या. जागा एवढीशी, दोघं दाराच्या दोन बाजूंना समोरासमोर बसली. मिस्त्रींचा उजवा हात आणि मावशींचा डावा हात एकाच अंगाला यायचे, जणू एकच माणूस आरशापुढे बसलाय. कोपराला कोपर एकदाही लागलं नाही.

"एकोणतीस वर्षं इस्त्रीच्या टेबलावर मी शेजारणीच्या कोपराचे धक्के खाल्ले," मावशी म्हणाल्या.

"समोर बसायला हवं होतं."

"समोर भिंत होती."

एक दार मिस्त्रींनी उलटं लावलं, वरची बाजू खाली. मावशींनी ते पाहिलं, पण शेवटचा स्क्रू बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता कपबश्यांना डोक्यावर उभं राहायला शिकवा." मिस्त्री हसले. किती दिवसांनी हसले ते मावशींनी मोजलं नाही, पण हातातला पेचकस क्षणभर खाली ठेवला.

प्रत्येक मूठ उजवीकडे गेली की मावशी बुजवलेल्या जुन्या भोकांवरून एकदा बोट फिरवायच्या. पण त्याच वेळी त्या बघत होत्या, की या माणसाचे खांदे पुन्हा रुंद झालेत. फळीवर तळवा टेकवून तो सांगतोय, "ही म्हातारीची. हिला जपून, ही फाटते." सहा महिने जे हात खुर्चीच्या दांड्यांवर पडून होते ते आता कुठेच पडून राहत नव्हते. मावशी मनातल्या मनात एकेकाला नमस्कार करत होत्या. लाँड्रीच्या मालकाला, गॅरेजवाल्याला, त्या मास्तरणीला, आणि हो, भट्टीवाल्यालासुद्धा. त्याने भट्टीचं नाव काढलं नसतं तर पेटी पलंगाखालीच राहिली असती. त्याला त्यांनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं. "असू दे मावशी," तो म्हणाला, "पण पाव घ्यायला तरी येत जा."

शनिवारी दुपारी मावशी म्हणाल्या, "चिरायची फळी राहिली. ती अजून डावीकडेच आहे."

"बघू," मिस्त्री म्हणाले, आणि हत्यारं पुसायला लागले.

चार वाजता मास्तरीण आणि तिचा नवरा आले. मिस्त्री व्हॅनच्या पायरीवर बसले होते, कान देऊन. आत मास्तरीणबाई एकेक गोष्ट हाताळत होत्या.

"कपाट?" मिस्त्रींनी हळूच मावशींना विचारलं.

"पहिल्याच झटक्यात."

"खिटी?"

"न बघता."

मिस्त्रींनी मान हलवली. नवरा खिशातून वही काढून विचारत होता, पाण्याची टाकी कुठे बसवू, तारा कुठून ओढू, छताला कोणतं लाकूड. मिस्त्री सांगत होते, आणि सांगता सांगता म्हणाले, "छत करायला घ्याल तेव्हा गाडी इकडे आणा. मी बसतो खाली. फळी कुठे बसते ते मला आवाजावरून कळेल." नवरा म्हणाला, "आणतो. तुमच्याशिवाय आम्ही हातच लावणार नाही छताला."

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "काका, सगळं मस्त झालंय. एवढी चिरायची फळी मात्र डावीकडेच राहिली."

मिस्त्रींनी घसा साफ केला. "ती हलत नाही, बाई. ती चौकटीतच बसवलीय. ती काढली तर सगळा ओटा खिळखिळा होईल."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नव्हता हा माणूस. चेहरा अगदी गंभीर, देवासारखा शांत.

"मग राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कांदा डाव्या हाताने चिरायला शिकते. नाहीतरी वर्गातली पोरं मला उलटंच शिकवतात."

कागदांवर सह्या झाल्या. मावशींनी किल्ली दिली. मास्तरीणबाईंनी ती घेताना त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आम्ही इतक्या गाड्या बघितल्या. हीच अशी होती, की आत पाऊल टाकल्यावर कुणाचा तरी जीव आहे असं वाटलं. तुम्ही आम्हाला दिलीत, बरं वाटलं." मावशींना त्या वेळी सहजच तो शब्द सापडला. "आभार," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं, म्हणायला इतका काही अवघड नाही.

व्हॅन गेली. गॅरेजात तिच्याखालचा तेलाचा डाग आणि भुशाची एक रेघ उरली. दोघं फुटपाथने घराकडे निघाली. मावशींनी मिस्त्रींचं कोपर धरलं होतं, आणि प्रत्येक पायरीला "उतार" किंवा "चढ" म्हणत होत्या. दुसऱ्या वळणावर त्या म्हणाल्या, "अहो."

"काय?"

"आभार."

मिस्त्री चालायचे थांबले. "हे काय नवीन?"

"असंच. आजच सापडला."

"बरं," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर मावशींना राहवलं नाही.

"ती फळी दोन स्क्रूंवर आहे. मी स्वतः तेल घातलंय त्यांना."

"तीन," मिस्त्री म्हणाले. "तिसरा मागच्या बाजूला आहे. तुला दिसला नसेल."